पोलोचा मागचा बीम काढून मल्टी-लिंक बसवावं का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. गाडी फोक्सवॅगन पोलो, पेट्रोल. ऑटोक्रॉस (आखलेल्या छोट्या मार्गावर घड्याळाशी शर्यत) आणि टीएसडी (ठरलेल्या वेळेत ठरलेलं अंतर कापायची रॅली) करून झालंय, आता रोल केज (गाडी उलटली तर वाचवणारा नळ्यांचा पिंजरा) घालून मुरमाच्या रॅलीत उतरायचंय. चाकणला तुमच्या शेजारी बसणारा सहकारी म्हणतो, ट्विस्ट बीम (मागच्या दोन्ही बाजू जोडणारा, पिळता येणारा दांडा) म्हणजे कंपनीची निव्वळ काटकसर, तो काढून स्कोडा ऑक्टेव्हियाचं मल्टी-लिंक (प्रत्येक चाकाला अनेक वेगळ्या दांड्या) घाल. दुसरा म्हणतो, जगज्जेत्या रॅली गाड्यांना मागे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप मिळून चाक धरणारा एक उभा खांब) असतात, तेच करायचं. भोसरीतला फॅब्रिकेटर दोघांनाही "होऊन जाईल, साहेब" म्हणालाय. तेव्हा मागच्या सस्पेन्शनचा सगळ्यात चांगला प्रकार कोणता आणि तो या गाडीत घालावा का, हे तुम्हाला हवंय. जाता जाता मामेभावाच्या जिप्सीबद्दलही विचारलंय, ते शेवटी बघू.

गाडीचं उत्तर आधी देऊन टाकतो: बीम ठेवा. पैसे शॉकअपवर, बुशवर (सांध्यांतल्या रबरांवर) आणि बॉडीच्या मजबुतीवर घाला. का, ते आता सविस्तर.

"सगळ्यात चांगलं कोणतं" या प्रश्नात एक गोष्ट विचारायची राहून गेलीये. मागची चाकं गाडी ढकलतात, की नुसती मागोमाग येतात? ढकलणाऱ्या चाकांना डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी पेटी) हवं, दोन्ही बाजूंना ड्राइव्ह शाफ्ट हवेत, आणि थ्रॉटल दाबला-सोडला तरी चाकाची दिशा बदलता कामा नये. या तीन मागण्या आल्या की जागेचं आणि सांध्यांचं सगळं गणितच बदलतं. मागोमाग येणाऱ्या चाकांना यातलं काहीच लागत नाही. त्यांनी हलकं राहावं, सरळ राहावं, आणि ड्रायव्हरने नाक वळवलं की मागचा भाग लगेच त्याच्या मागे यावा, एवढंच. तुमची पोलो दुसऱ्या गटातली. तुमचे मित्र दाखले देतायत ते बहुतेक पहिल्या गटातले.

दुसरी गोष्ट, रस्ता कसला आहे. डांबरावर टायरचा तळवा सपाट टेकलेला असणं हे जवळजवळ सर्वस्व असतं, त्यामुळे गाडी कलली की कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) किती बदलतो याला फार किंमत. मुरमावर टायर खडीत रुततो, गाडी बराच वेळ आडवी चालते, अर्ध्या अंशाचा कॅम्बर इकडचा तिकडे झाला तरी स्टॉपवॉचला पत्ता लागत नाही. तिथे किंमत असते ती चाक जमिनीला किती वेळ टेकून राहतं त्याला. म्हणजे ट्रॅव्हल (चाक किती वर-खाली जाऊ शकतं), डॅम्पिंग (शॉकअप ती हालचाल कशी शमवतो), आणि सांधे न तुटणं. डांबरावरच्या ट्रॅक गाडीचं सस्पेन्शन रॅलीच्या गाडीत घालायचा मोह होतो तो हा फरक लक्षात न घेतल्यामुळे.

आता बीमकडे. ट्विस्ट बीम फोक्सवॅगननेच १९७४ च्या सुमारास गोल्फ आणि सिरॉकोमधून लोकप्रिय केला. दोन बाजूंना दोन ट्रेलिंग आर्म (पुढच्या सांध्यापासून मागे चाकाकडे जाणारे हात), पुढच्या टोकाला बुश, आणि दोन्ही आर्मना जोडणारा व्ही किंवा यू आकाराच्या पत्र्याचा आडवा दांडा. या दांड्याची सगळी करामत त्याच्या उघड्या बाजूत आहे. वाकवायला गेलात तर ताठ, पिळायला गेलात तर मऊ. किती मऊ, त्याचं गणित करून बघण्यासारखं आहे: मध्यरेषेवर ५० मिमी व्यासाची, २.५ मिमी जाडीची बंद नळी घ्या आणि तिला लांबीभर एक चीर पाडा. पिळाविरुद्धचा तिचा ताठपणा साधारण ३०० पटीने घटतो. कागदाची सुरळी आधी तशीच पिळून बघा, मग कडेला चिकटपट्टी लावून पिळा, हातालाच कळेल.

हे इतकं सांगायचं कारण म्हणजे आपल्याकडच्या गॅरेजांतली एक लाडकी करामत. "बीम मजबूत करतो" म्हणून व्हीच्या उघड्या तोंडावर पट्टी ठेवून सलग वेल्डिंग मारतात. दिसायला भक्कम दिसतं. पण उघडा आकार बंद झाला, की बीमचा पीळ संपला आणि मागची दोन्ही चाकं एकमेकांना ताठ बांधली गेली. एक चाक दगडावर चढलं की दुसरं हवेत, आणि ओल्या मुरमावर गाडीची शेपूट कधी सुटेल सांगता येत नाही. वर ती पट्टी जिथे संपते तिथे सगळा ताण गोळा होऊन पत्रा चिरतो. मागचा रोल (वळणात गाडीचं कलणं) ताठ करायचाच असेल, तर दोन आर्मच्या मध्ये बोल्टने बसणारा वेगळा अँटी-रोल बार लावा. नाही पटला तर सर्व्हिसमध्ये दहा मिनिटांत काढून ठेवता येतो. वेल्डिंग काढता येत नाही.

बीमचा एक फायदा लोक विसरतात. दोन्ही चाकं एकदम दबली की टो (वरून बघता चाक आत किंवा बाहेर किती वळलंय) आणि कॅम्बर जवळजवळ जागचे हलत नाहीत. उडी मारून गाडी खाली आली, मागचं पूर्ण ट्रॅव्हल वापरलं गेलं, तरी चाकं सरळच असतात. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये हीच गोष्ट साधायला लिंकच्या लांब्या आणि उंच्या मिलिमीटरमध्ये जुळवाव्या लागतात. आणि वळणात गाडी कलली की आडव्या दांड्याच्या जागेप्रमाणे बाहेरच्या चाकाला थोडा कॅम्बरही मिळतो. दांडा बुशच्या जितका जवळ, तितका तो ट्रेलिंग आर्मसारखा वागतो, चाकाच्या जितका जवळ, तितका एकजीव ॲक्सलसारखा, म्हणजे दोन्ही चाकं एकाच ताठ दांड्यावर असल्यासारखा. मधली जागा निवडणं ही डिझायनरची कसोटी.

तोटेही आहेत, लपवत नाही. वळणात बाहेरच्या चाकावर आडवा जोर आला की सगळा बीम पुढच्या दोन बुशवर थोडा फिरतो आणि मागची चाकं वळणाच्या बाहेर बघू लागतात. म्हणजे मागचा भाग जास्तच वळतो. यावर उपाय म्हणून फोक्सवॅगनने बुश तिरके बसवले, म्हणजे आडव्या जोराखाली बीम उलट्या दिशेला किंचित सरकून तो दोष भरून काढतो. इथे दुसरी गॅरेजी करामत येते: रबर काढून कडक पॉलियुरेथेनचे बुश ठोकणे. बुश तिरके असतील, तर दोन बुशांचे अक्ष एका रेषेत नसतात. बीम वर-खाली होताना रबराला शंकूसारखं मुरगळावंच लागतं. तिथे दगडासारखा बुश घातलात तर बीम अडकत अडकत हलतो, आणि ते घर्षण तुम्ही शॉकअपच्या डोक्यावर मारता. थोडं जास्त शोअरचं (शोअर म्हणजे रबराच्या कडकपणाचं माप) रबर, तेही सगळ्या दिशांना सारखं कडक नसलेलं, एवढीच सुधारणा मी इथे करेन.

बीम म्हणजे गरिबाचं सस्पेन्शन, या समजुतीला दोन उत्तरं. रॅली४ या आंतरराष्ट्रीय रॅली वर्गातल्या फ्रंट-व्हील-ड्राइव्ह गाड्या, प्यूजो २०८ आणि फोर्ड फिएस्टा, मागे ट्विस्ट बीमवरच धावतात. कारखान्यातून रॅलीसाठी बनून आलेल्या गाड्या आहेत त्या, काटकसरीत सापडलेल्या नव्हेत. आणि ट्रॅकवरचं म्हणाल तर २०१९ ची रेनो मेगान आरएस ट्रॉफी-आर. रेनोने त्या गाडीतून चार चाकं वळवणारी यंत्रणा वजन कमी करायला काढून टाकली आणि मागे साधा बीम घातला. नुर्बुर्गरिंगचा २०.६ किमीचा फेरा तिने ७ मिनिटं ४०.१ सेकंदांत मारला, आणि मागे मल्टी-लिंक असलेल्या सिव्हिक टाइप-आरची ७ मिनिटं ४३.८ सेकंदांची वेळ मोडली. अर्थात टायर, वजन, ड्रायव्हर सगळं यात येतं. होंडाचंच उदाहरण उलट बाजूने देता येईल: २०१५ च्या टाइप-आरला बीम होता, २०१७ ला त्यांनी मल्टी-लिंक आणलं आणि वेळ सुधारली. म्हणून मी बीम श्रेष्ठ असं म्हणत नाहीये. बीम आहे म्हणून तुम्ही हराल, हे खरं नाही, एवढंच.

मग ऑक्टेव्हियाचं मल्टी-लिंक. रचना म्हणून उत्तमच आहे. मर्सिडीझने १९८२ मध्ये १९० च्या मागे पाच लिंकची मांडणी आणली. त्यामागचा विचार असा की चाकाच्या हालचालीचं एकेक अंग एकेका दांडीला वाटून द्यायचं. एक दांडी टो सांभाळते, दुसरी कॅम्बर, तिसरी ब्रेकचा आणि ड्राइव्हचा जोर घेते. त्यामुळे लांबीच्या दिशेने बुश मऊ ठेवून खड्ड्याचा धक्का गिळता येतो आणि तरी चाक आडव्या दिशेला हलत नाही. १९९८ च्या फोकसने कंट्रोल ब्लेड नावाने हाच विचार मध्यमवर्गीय किमतीत आणला. लांबच्या प्रवासाला, वेगवान डांबरी रस्त्याला याच्यासारखं सुख नाही.

पण ते तुमच्या गाडीखाली बसवायचं म्हणजे काय करायचं, ते बघा. मल्टी-लिंकला सबफ्रेम लागते. पोलोच्या तळाला ती धरायला जागाच नाही, तिथे स्पेअर व्हीलची विहीर आणि एक्झॉस्ट आहे. बीमचे बुश जिथे बसतात त्या दोन जागा सोडल्या तर मागच्या चासी रेलवर आडवा जोर घेण्यासाठी काहीही तयार नाही. ऑक्टेव्हियाची रुंदी वेगळी, त्यामुळे लिंक कापाव्या लागणार. आणि लिंक कापली की तुमच्या सहकाऱ्याला आवडलेली ती भूमिती राहिलीच नाही. वरची लिंक २० मिमीने छोटी झाली तर कॅम्बरचा आलेख वेगळा, टो लिंकची उंची ५ मिमीने चुकली तर प्रत्येक खड्ड्यात मागची चाकं स्वतःहून वळणार. याला आपल्याकडे नाकापेक्षा मोती जड म्हणतात. शिवाय वजन वाढतं, आणि खडीवर ठेचकाळायला सांधे किती झाले ते मोजा.

नियमांचं तर त्याहून आधी बघा. प्रॉडक्शन गाडीवर आधारलेल्या वर्गांचं, जुन्या ग्रुप एनपासून चालत आलेलं तत्त्व असं आहे, की स्प्रिंग आणि शॉकअप बदला, जोड मजबूत करा, पण सस्पेन्शनचा प्रकार आणि जोडांच्या जागा मूळच्याच ठेवा. तुम्ही ज्या वर्गात नाव देणार त्याची या वर्षीची नियमावली आणि गाडीचा होमोलोगेशन फॉर्म (स्पर्धेसाठी मंजूर झालेल्या रचनेची नोंद) हातात घ्या, मगच ग्राइंडर चालू करा. स्क्रुटिनीच्या (स्पर्धेआधीच्या गाडी-तपासणीच्या) टेबलावर "पण मल्टी-लिंक जास्त चांगलं असतं" हा युक्तिवाद चालत नाही. आणि ही गाडी नंबर प्लेट लावून सिंहगड रोडवरही फिरणार असेल, तर गाडीच्या मूळ रचनेतल्या बदलांवरचं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच.

दुसऱ्या मित्राचं म्हणणं जास्त विचार करण्याजोगं आहे. डब्ल्यूआरसीच्या (जागतिक रॅली अजिंक्यपद स्पर्धेच्या) गाड्या मागे स्ट्रट का वापरतात? पोलोचंच घ्या. २०१३ ते २०१६ चार वर्षं ओळीने विजेतेपद घेणारी पोलो आर डब्ल्यूआरसी, तिच्या मागे मॅकफर्सन स्ट्रट होते आणि तुमच्या पोलोखाली बीम आहे. फरक असा की ती चार चाकांनी ढकलणारी गाडी. बीमच्या मधून डिफरन्शियल आणि शाफ्ट नेणं अवघड, मग काहीतरी स्वतंत्र हवंच. १९८० च्या ऑडी क्वाट्रोने हा प्रश्न फार व्यवहारी पद्धतीने सोडवला: पुढच्या सस्पेन्शनचीच सबफ्रेम उलटी फिरवून मागे बसवली. लान्सिया डेल्टा इंटिग्रालेच्या चारही कोपऱ्यांना स्ट्रट होते, आणि डेल्टाने १९८७ ते १९९२ सलग सहा वेळा उत्पादकांचं विजेतेपद घेतलं. त्याही आधीच्या, १९७४ ते ७६ गाजवणाऱ्या स्ट्रॅटॉसला मागे स्ट्रट, खाली विशबोन (इंग्रजी ए आकाराचा आर्म) आणि पुढे जाणारे लांब आर्म होते.

कागदावर स्ट्रट कमजोर आहे. गाडी कलते तेव्हा खालचा आर्म आडवा होऊन पुढे गेला की कॅम्बर मिळायचा थांबतो, आणि आडवा जोर शॉकअपच्या दांड्याला वाकवू बघतो, त्यातून घर्षण येतं. पण मुरमावर कॅम्बरची ती कमतरता बोचत नाही, हे वर आलंच. घर्षणाचं उत्तर म्हणून रॅलीचे स्ट्रट उलटे असतात, म्हणजे जाड नळी आतल्या लांब बेअरिंगवर सरकते आणि वाकवणारा जोर बारीक दांड्याऐवजी ती नळी घेते. बदल्यात मिळतं ते मोलाचं: भरपूर ट्रॅव्हल, खाली एक आर्म आणि एक-दोन लिंक, त्यामुळे वेळेत बदलता येणारे मोजके भाग. बऱ्याच गाड्यांत तर पुढचे-मागचे भाग अदलाबदल करून लागतात अशीच रचना करतात. आणि आता प्रश्न निवडीचा राहिलेलाच नाही, रॅली२ आणि रॅली१ या वरच्या वर्गांत नियमच स्ट्रट मागतात. रॅली१ मध्ये २०२२ पासून ट्रॅव्हलवरही २७० मिमीची मर्यादा आहे. टोयोटाने जीआर यारिसच्या रस्त्यावरच्या गाडीला मागे खास डबल विशबोन दिलं, साध्या यारिसचा बीम काढून. पण त्याच गाडीचा रॅली२ अवतार स्ट्रटवर धावतो. "डब्ल्यूआरसीत आहे म्हणून श्रेष्ठ" असं म्हणताना हे नियमाचं कलम लोक गाळतात.

पोलोला स्ट्रट घालायचे तर अडचण वरच्या टोकाला आहे. तुमच्या गाडीत मागची स्प्रिंग वेगळी, शॉकअप वेगळा. स्प्रिंगचा भार चासी रेल घेते, आणि शॉकअपचा वरचा जोड फक्त शॉकअपपुरता केलेला आहे. स्ट्रट बसवला की गाडीचं वजन, आडवा जोर आणि बंप स्टॉपचा (ट्रॅव्हल संपतं तिथल्या रबरी ठोकळ्याचा) दणका, तिन्ही त्या पातळ पत्र्यावर येणार. रॅलीच्या गाडीत तिथे नवा टरेट (स्ट्रटचं वरचं टोक धरणारा बुरूज) उभारतात आणि तो केजच्या नळ्यांना बांधून टाकतात, म्हणजे गाडीचा मागचा अर्धा भाग नव्याने बनवण्यासारखं काम आहे ते. हाच इशारा बीम ठेवून मागे कॉइलओव्हर लावणाऱ्यांनाही. स्प्रिंग शॉकअपवर चढवलीत, की भाराचा रस्ता बदलला. तो जोड मजबूत केल्याशिवाय एक स्टेजही मारू नका.

मागे स्ट्रट म्हणजे काही परग्रहावरची चीज नाही. आपल्या रॅलींचं एकेकाळचं वर्कहॉर्स मारुती एस्टीम, तिचं मागचं सस्पेन्शन स्वतंत्र स्ट्रटचंच होतं. आज रांजणगावात बनणारी जीप कंपास मागे स्ट्रट आणि लिंकांवरच उभी आहे. कोणाची लिफ्टवर चढलेली दिसली तर खाली जाऊन बघा, फुकट शिकवणी.

सेमी-ट्रेलिंग आर्म शिकायचा असेल तर पुणेकराला त्याहून सोपं. पिंपरीची पहिली इंडिका, १९९८ ची. तिच्या मागे सेमी-ट्रेलिंग आर्म होते. पाच माणसं आणि डिकीत सामान भरलेली इंडिका टॅक्सी मागून बघितली असेल तर चाकांचे तळ बाहेर आणि माथे आत झुकलेले आठवतील. टायर आतून झिजायचे ते त्यामुळेच. आर्मचा सांधा तिरका असल्यामुळे चाक वर जाताना कॅम्बर घेत जातं, टोही बदलत राहतो. पुढे व्हिस्टामध्ये टाटांनी बीम घेतला. बीएमडब्ल्यूची ई३० एम३ याच आर्मवर होती आणि १९८७ ची कोर्सिका रॅली तिने जिंकली, तेव्हा या मांडणीला जिंकता येत नाही असं नाही. पण वळणाच्या मध्यात थ्रॉटल सोडला की मागचा भाग उचलतो, कॅम्बर सुटतो, इंजिनचं ब्रेकिंग आर्मला बुशमध्ये मागे ओढून चाक बाहेर वळवतं, आणि हे सगळं एकाच क्षणी होतं. जुन्या पोर्श ९११ ची शेपूट सुटण्याची ख्याती काही अंशी यातून आली, आणि १९९३-९४ मध्ये तिची ९९३ ही पिढी आली तेव्हा पोर्शने मागे मल्टी-लिंक घेतलं. नवीन गाडी कोऱ्या कागदावर बनवायची तर मी सेमी-ट्रेलिंग घेणार नाही.

डबल विशबोनबद्दल फार लिहित नाही. जागा असेल, बजेट असेल, आणि इंजिन मध्ये असेल तर त्याला तोड नाही. लान्सिया ०३७ ने १९८३ मध्ये उत्पादकांचं विजेतेपद घेतलं, मागच्या चाकांवर चालणारी ती शेवटची विजेती गाडी, आणि तिच्या मागे डबल विशबोन व प्रत्येक चाकाला दोन-दोन डॅम्पर होते. डाकार या वाळवंटी रॅलीतल्या टी१+ वर्गाच्या गाड्यांना ३५० मिमी ट्रॅव्हल मिळतं तेही विशबोनवरच. हॅचबॅकच्या डिकीत ते कोंबू नये.

आता तुमच्या गाडीचं प्रत्यक्ष काम.

आधी स्प्रिंग. बीमवर स्प्रिंग चाकापेक्षा सांध्याच्या जवळ बसलेली असते, त्यामुळे चाकाला जाणवणारा ताठपणा स्प्रिंगवर छापलेल्या आकड्यापेक्षा बराच कमी असतो, आणि चाकाच्या हालचालीच्या तुलनेत स्प्रिंग किती दबते त्या गुणोत्तराच्या वर्गाने तो कमी होतो. समजा मागच्या एका कोपऱ्यावर केज, स्पेअर व्हील सगळं धरून २०० किलो स्प्रिंगवर झुलणारं वजन आहे आणि तुम्हाला त्याचा झोका १.८ हर्ट्झचा (सेकंदाला १.८ वेळा) हवाय. चाकापाशी साधारण २५.६ न्यूटन प्रति मिमी लागतील. तुमच्या बीमवर गुणोत्तर ०.७५ निघालं, तर स्प्रिंग लागेल ४५.५ ची. स्ट्रटवर ०.९५ धरलं तर तीच गोष्ट २८.४ मध्ये होते. स्ट्रटवाल्या गाडीचा स्प्रिंगचा आकडा विचारून तोच आपल्या बीमवर लावणारे लोक भेटतात, म्हणून हे लिहिलं. गुणोत्तर स्वतः मोजा: स्प्रिंग काढून चाक जॅकने १० मिमीच्या टप्प्यांनी उचला आणि स्प्रिंगच्या दोन बैठकींतलं अंतर किती कमी होतं ते व्हर्नियरने टिपा.

याच आकड्यांतून आणखी एक गोष्ट निघते. गाडी उभी असताना चाकापाशी ते सस्पेन्शन सुमारे ७७ मिमी दबलेलं असेल. म्हणजे खड्ड्यात चाक खाली जायला तेवढीच जागा, त्यापुढे स्प्रिंग सैल. मुरमावर हे खाली जाणारं ट्रॅव्हल वर जाणाऱ्याइतकंच महत्त्वाचं आहे. गाडी खाली बसवून छान दिसेल, पण पहिल्याच चरात मागचं चाक लोंबकळेल. उंची मूळची ठेवा किंवा थोडी वाढवाच.

शॉकअप मोनोट्यूब (एकाच नळीचे), वेगळ्या टाकीचे, पुन्हा उघडता येणारे घ्या, आणि ते उघडून देणारा माणूस पुण्यात किंवा जवळपास आहे का हे आधी विचारा. परदेशी नाव असलेला शॉकअप सील फुटल्यावर महिनाभर पार्सलची वाट बघत असेल तर उपयोग शून्य. ट्रॅव्हल किती वापरलं जातंय ते बघायला साधा शॉकअप असेल तर दांड्यावर एक केबल टाय घट्ट बांधा, चालवून आल्यावर तो कुठे सरकलाय ते मोजा. प्रत्येक धावेला बंप स्टॉपपर्यंत जात असेल तर स्प्रिंगआधी कॉम्प्रेशन डॅम्पिंग बघा. कधीच जवळपास जात नसेल, तर गाडी गरजेपेक्षा कडक आहे.

बीमवर स्वतः एक दिवस घालवा. खाली उतरवा, डिझेलने धुवा, व्हीचा दांडा दोन्ही टोकांना आर्मला जिथे वेल्ड झालाय तिथे वायर ब्रश मारा. मग डाय पेनिट्रंटचे तीन डबे आणा: क्लीनर, लाल डाय आणि पांढरा डेव्हलपर. डाय मारून दहा-पंधरा मिनिटं मुरू द्या, पुसा, पांढरा थर फवारा. चीर असेल तर त्या पांढऱ्यावर वेल्डच्या कडेने बारीक लाल रेघ उमटत जाते, डोळ्यांदेखत. बहुतेक वेळा ती वेल्डच्या मध्ये नसून वेल्ड संपतो त्या कोपऱ्यात सापडते. अशी रेघ दिसली तर वरून वेल्डिंगचा थर चढवून झाकू नका, दुसरा बीम शोधा. नाना पेठेत चक्कर मारलीत तर अपघाती गाडीचा मिळू शकतो, पण तो आणल्यावरही आधी हीच तपासणी. आणि सपाट टेबलावर ठेवून दोन्ही फ्लॅंज (चाकाकडचे भाग बोल्टने बसतात ते चपटे तळ) सारखे आहेत ना ते बघा, कारण वाकलेला बीम डोळ्याला सरळच दिसतो.

कॅम्बर आणि टोसाठी बीमला समायोजन नसतं, म्हणून स्टब ॲक्सल (चाक ज्यावर फिरतं तो आखूड दांडा) आणि बीमच्या फ्लॅंजमध्ये निमुळते शिम (पातळ पाचरी) घालतात. स्टब चार बोल्टवर बसतो. शिम पूर्ण पृष्ठभागाला टेकणारा, मशिन केलेलाच हवा, वॉशर रचून काम भागवू नका. शिमच्या जाडीइतके बोल्ट जास्त लांब घ्या, ग्रेड खाली आणू नका. मुरमासाठी मागे उणे १ अंशाच्या आसपास कॅम्बर (उणे म्हणजे चाकाचा माथा आत) आणि अगदी थोडा टो-इन (चाकांची पुढची टोकं किंचित आत) यापासून सुरुवात करा. गाडी वळायला आळशी वाटली तर टो शून्याकडे न्या. डांबरी स्टेजसाठी कॅम्बर उणे २ पर्यंत जाऊ शकतो. हे सुरुवातीचे आकडे आहेत, पुढे टायर सांगेल तसं.

राहिली मामेभावाची जिप्सी. पुढे-मागे दोन्हीकडे एकजीव ॲक्सल आणि पाटे. त्याला कमी लेखू नका. फोर्ड एस्कॉर्ट १९७२ ते १९७९ सलग आठ वर्षं ब्रिटनची आरएसी रॅली जिंकत होती, मागे एकजीव ॲक्सल आणि पाटे घेऊनच. फरक एवढाच की कारखान्याच्या एस्कॉर्टमध्ये पाट्यांना फक्त वजन पेलायला ठेवून, ॲक्सल जागेवर धरायचं काम वेगळ्या लिंकांकडे दिलं होतं. जिप्सीत हे दोन्ही पाटेच करतात. त्यामुळे जोरात थ्रॉटल दिला की पाटा एसच्या आकारात मुरडतो आणि ॲक्सल थडथडतो. भावाला थडथड होत असेल तर पाटे वाढवण्याआधी ॲक्सलवरून चासीला एक ट्रॅक्शन लिंक द्यायला सांगा. तिच्या टोकाला शॅकल (झुलती कडी) किंवा मऊ बुश हवा, नाहीतर पाट्याची आणि लिंकची वर्तुळं जुळत नाहीत आणि सगळं अडकतं. तो पाटे काढून कॉइल स्प्रिंग बसवायला निघालाच, तर पॅनहार्ड रॉड (ॲक्सलला बाजूला सरकू न देणारा आडवा दांडा) जितका लांब बसेल तितका घ्या आणि गाडी उभी असताना तो आडवा असू द्या. ९०० मिमीचा रॉड ॲक्सल ८० मिमी हलल्यावर त्याला साडेतीन मिमी बाजूला सरकवतो, ते चालतं. आखूड आणि तिरका रॉड लावलात तर प्रत्येक खड्ड्यात मागचा भाग एकाच बाजूला उडी मारेल. पाटेच ठेवणार असेल तर मधले इन्सर्ट आणि शॅकलचे बुश आधी बदलू द्या, सेंटर बोल्ट दर स्पर्धेनंतर तपासू द्या, आणि यू-बोल्ट एकदा सोडले की नवेच लावायला सांगा.